मास्तरांच्या साबणाचा रंग कोणता?

आमच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. हे मी आधीच सांगून टाकतो. शेवटपर्यंत झाकून ठेवावं आणि मग झाकण उघडावं, अशी ही गोष्ट नाही. शिवाय झाकणांच्या बाबतीत माझा हात किती वाईट आहे ते पुढे येणारच आहे.

शाळेतल्या सगळ्या पोरांना हे ठाऊक होतं. मास्तरांच्या बायकोला ठाऊक होतं. आठवडी बाजारात टमाटे विकणारी बाई तर मास्तर समोर आले की न विचारता पिकलेले वेगळे काढून द्यायची. ठाऊक नव्हतं ते दोघांना, मुख्याध्यापकांना आणि मला. मुख्याध्यापकांना कळू नये म्हणून अख्खं गाव जपत होतं, कारण वरच्या ऑफिसात हे गेलं असतं तर मास्तरांची नोकरी गेली असती आणि दाराशी आलेली पेन्शन दारातूनच परत फिरली असती. मला कळू नये म्हणून मात्र कोणी काही केलं नव्हतं. ते मी स्वतःच्या हुशारीवर साधलं होतं.

मी विज्ञानाचा मास्तर. वर्ध्याकडून नवाच आलेलो. रसायनशास्त्रात काठावर पास झालेल्या माणसाला जितका आत्मविश्वास असतो तितका माझ्याकडे होता, म्हणजे पुष्कळच. जिल्हा नुकताच फुटून गडचिरोली वेगळी झाली होती. कोणता कागद चंद्रपूरला धाडायचा आणि कोणता गडचिरोलीला, यावर आमचं ऑफिस सकाळ-संध्याकाळ घोळ घालत असे. त्या घोळात मी चांगला खपून गेलो.

मास्तर शाळेत यायचे ते सायकल हातात धरून. त्या सायकलवर बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तिच्यावर बसाले नाई आणली गा. सोबतीले आणली." कपडे पांढरे, टोपी पांढरी, छत्रीसुद्धा एका जुन्या धोतराचं कापड शिवून पांढरी करून घेतलेली. फळ्याशी उभे राहिले की खडू न उचलता एका रेघेत बैल काढत. शिंगापासून सुरुवात, शेपटीला शेवट. बैल असा की पोरं मागे सरकून बसत. मग पोरांनी रंगपेट्या उघडल्या की मास्तर खिडकीबाहेर पाहत सांगायचे, "तिसऱ्या घरातला घ्या. पाचव्या घरातला जरासा लावा. सातव्याले हात लावू नोका." रंगाचं नाव म्हणून काढायचे नाहीत.

मी दाराआड उभा राहून हे ऐकायचो आणि भारावून जायचो. मला वाटलं, ही काहीतरी नवी अध्यापनपद्धती आहे. बी.एड.च्या गाईडात शोधली. सापडली नाही, तेव्हा फारच नवी असणार असं ठरवलं. मग मीही प्रयोगशाळेतल्या, म्हणजे आमच्या त्या एकुलत्या एका कपाटातल्या, बाटल्यांवरची नावं खरडून काढली आणि घरांचे आकडे चिकटवले. त्या कपाटात कुठल्या बाटलीत काय आहे, हे त्यानंतर कोणालाही कळलेलं नाही.

मला उलगडा झाला तो फाल्गुनात. मास्तरांना पळसाची फुलं हवी होती. सायकल मधे घेऊन आम्ही दोघं आलापल्लीच्या रस्त्याने निघालो आणि एका झाडाच्या बुंध्याशी थांबलो. वर एक पान नव्हतं, नुसता केशरी जाळ.

"फुलला का गा?" मास्तरांनी वर पाहून विचारलं.

मला वाटलं, गंमत करताहेत. मग मीही गंमत केली. म्हटलं, "नाही हो, अजून अवकाश आहे."

"असं?" म्हणाले, आणि सायकल वळवून सरळ घराकडे चालू लागले. मी हसत उभा. ते वळणापर्यंत पोचले तेव्हा माझं हसू आटलं. धावत गेलो. "मास्तर, अहो फुललाय! डोक्यावर होता की तुमच्या!"

"मंग नाई काऊन म्हनला?"

"तुम्हाला... दिसत नाही?"

"मले लाल, हिरवं, केशरी, सारं वाळल्या गवतावानी दिसते गा. वरतं मैना भांडून राह्यल्या होत्या, तवाच मले वाटलं का फुलला असन. पन तू शिकेल मानूस. म्हटलं मैनाईपेक्षा तुले जास्त समजत असन."

मी विचारलं, मग चित्रकलेचे मास्तर कसे झालात? म्हणाले, "रेघेवर झालो. रंगाच्या पेपरात बाजूच्या पोट्ट्यानं घरं मोजून देल्ली. रेघ खरी असते गा. रंग ही लोकाईनं उठवलेली अफवा आहे." मग सायकलची घंटी उगाच एकदा वाजवून हळूच म्हणाले, "कोनाले सांगजो नोको. नोकरी जाईन."

मी शपथ घेतली. तेव्हापासून मी त्यांचा रंगाचा माणूस झालो. आता या प्रकरणातले दोन्ही डोळे माझे म्हटल्यावर त्याचं पुढे काय होणार, हे खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं.

साबण सुरू झाला तो मास्तरांच्या बाईंच्या हातांमुळे. दुकानातल्या साबणाने त्यांच्या हाताला चिरा पडत आणि मोहाच्या बियांचं तेल चोळलं की चिरा भरून येत. त्यात काय, मास्तर म्हणाले, तेलाचाच साबण करू. आमच्याकडे मोहाचं झाड परसात असतं, बिया वेचायच्या, घाण्यावर न्यायच्या. तेल थंडीत तुपासारखं थिजतं. प्रश्न होता तो कॉस्टिक सोड्याचा. ते चंद्रपूरहून मागवलं आणि विज्ञानाचा माणूस म्हणून मला बोलावणं आलं.

मी मोठ्या रुबाबात बाईंचं सगळ्यात मोठं ॲल्युमिनियमचं भगोनं मागून घेतलं. पाणी ओतलं, त्यात कॉस्टिक सोडलं. भगोनं असं फसफसलं, असं धुमसलं, की आम्ही तिघंही अंगणाच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिलो. सगळं शांत झालं तेव्हा भगोनं काळंठिक्कर पडलं होतं आणि बुडाची चाळणी झाली होती. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हा धडा मी नववीला शिकवत असे.

"काहो भाऊ," बाई म्हणाल्या, "हेच शिकोता का पोट्ट्याईले?"

पुढची सगळी वर्षं त्या घरात मला चहा मिळाला तो मातीच्या भांड्यात. "तुमचा भरोसा नाई, भाऊ," असं म्हणून बाई तो पुढे ठेवायच्या.

मग मडक्यात जमलं. मास्तर बांबूच्या दांड्याने घोटत राहायचे, मिश्रण पिठल्यासारखं घट्ट आलं की ते जाड बांबूच्या कांड्यांत ओतायचे. वाळलं की बांबू चिरायचा आणि आतल्या दांड्याच्या गोल चकत्या पाडायच्या. साबण खरंच चांगला झाला. तलावावर मासोळी धरणाऱ्या घरांतल्या बायका बाईंकडून चकत्या घेऊन गेल्या, त्याने हाताचा वास जात होता. पण त्यातली एक तोंडावरच म्हणाली, "फेस चांगला येते वं बाई, पन दिसाले आटल्या तलावातला गाळ दिसते."

झालं. मास्तर पेटले. साबणाला रंग द्यायचा, आणि तो जंगलातला, परसातला. दुकानातली पुडी चालायची नाही.

"पण मास्तर," मी म्हटलं, "तुम्हाला तर..."

"मले नाई दिसत. म्हून तं तू आहेस."

पहिला घाणा हळदीचा. मी शपथेवर सांगितलं, पिवळाधमक होणार. मास्तर घोटत होते, मी चिमटीने हळद सोडत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या मडक्यात कुंकवासारखा लाल रंग पसरला. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण तो धुण्यातला अनुभव होता, आणि ही प्रयोगशाळा होती.

"झाला पिवळा?" मास्तरांनी विचारलं.

"लाल झाला."

"तू पिवळा म्हनला होता."

"पिवळाच टाकला होता."

"मंग लाल कोन टाकला?"

"कोणी नाही."

मास्तरांनी घोटणं थांबवून माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि पुन्हा घोटू लागले. महिनाभराने चकत्या वाळल्या. मी पाहायला गेलो तर केशरी. पुढच्या खेपेला गेलो तर ज्या उन्हात होत्या त्या पिवळट आणि सावलीतल्या केशरीच. मास्तर दर वेळी विचारायचे, "आता कोनता?" आणि मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायचो. जास्वंद लालभडक टाकली, ती घटकाभरात राखेसारखी झाली. पळस केशरी टाकला, तो बदामी होऊन बसला. कडुनिंबाचा पाला हिरवागार टाकला, महिन्याने तो पोलिसाच्या अर्ध्या चड्डीचा रंग घेऊन बसला. सागाची कोवळी पानं चोळली की तळवे रक्तासारखे लाल होतात, म्हणून ती टाकली, तर आमचे तळवे आठवडाभर लाल राहिले आणि साबण गाळाचा गाळच.

एक दिवस मास्तरांनी मडकं बाजूला सारलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अशा आवाजात म्हणाले की मला माझ्या वडिलांची आठवण झाली, "तुलेबी नाई दिसत ना गा?"

"अहो, मला दिसतं!"

"दिसते तं मंग रोज अलग अलग काऊन सांगते? लाज कायची? मीबी लपवूनच राह्यलो ना."

बाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "भाऊ, दोघंबी डोळ्याचे असे, आन् मी साबन करते यायच्या भरोशावर."

मी पुष्कळ समजावलं. क्षार, आम्ल, लिटमस, सगळं काढलं. मास्तर मान डोलावत राहिले, जसं पोराने घरचा अभ्यास न केल्याचं कारण सांगावं आणि मास्तरांनी मान डोलवावी तशी. त्या दिवसापासून ते इतके खुश झाले की काय सांगू. इतकी वर्षं एकट्याने ओझं वाहिलेल्या माणसाला जोडीदार भेटला होता. आणि माझी गंमत अशी झाली, की रात्री घरी आलो आणि उशाच्या चादरीकडे पाहून मला खरोखर प्रश्न पडला, ही निळी की जांभळी? विकत घेताना काय म्हटलं होतं दुकानदाराने? मी उठून बसलो. सकाळी शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "राखाडी आहे ना बे."

मग आला पोपट.

दिवाळीच्या सुट्टीत पहिलीच्या वर्गाची भिंत रंगवायचं मास्तरांकडे आलं. एरवी पोरं डबे हातात देत, पण सुट्टीत पोरं कुठली? मी म्हटलं, मी देतो डबे. मास्तरांनी पेरूच्या फांदीवर बसलेला पोपट असा काढला की पेरूची काळजी वाटावी. रंगाच्या वेळी मी झाकणावरची नावं वाचून डबे देत गेलो. आदल्या संध्याकाळी ते डबे बंदही मीच केले होते, गप्पा मारत मारत. झाकणं कुठली कुठे बसली होती ते डब्यात डोकावून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण मी त्या वेळी मास्तरांची रेघ पाहत होतो.

सुट्टी संपली. त्याच दिवशी नवे मुख्याध्यापक रुजू झाले आणि शाळा पाहायला पहिलीच्या वर्गात शिरले. भिंतीवर लालभडक पोपट, त्याला हिरवी चोच. पहिलीतली पोरं ओरडली, "मास्तर, हा कोनता पक्षी?"

"पोपटच आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "मिरच्या जास्त खाल्ल्या त्यानं."

पोरं हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत. ते शिस्तीचे गृहस्थ होते. बोलताना "मला वाटतं" असं कधी म्हणत नसत, "असं आहे" म्हणत. त्यांनी पोपटाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांच्या पांढऱ्या छत्रीकडे पाहिलं, आणि दुपारी मला बोलावून घेतलं.

"चित्रकलेच्या मास्तरांना रंग दिसतात का?"

"झाकणं माझी चुकली होती, सर."

"मी झाकणांबद्दल विचारलं नाही. डब्यातला रंग ब्रशवर आल्यावरही माणसाला दिसतो." मग म्हणाले, "शनिवारी कार्यानुभवाचं प्रदर्शन आहे. त्यात त्यांचे साबण आहेत म्हणे. शाळा सुटल्यावर मी त्यांना प्रत्येक साबणाचा रंग विचारणार. नाही सांगता आला तर शेरा मारून वर पाठवणार. जो माणूस रंग पाहू शकत नाही तो ते शिकवू शकत नाही. असं आहे."

मी तडक मास्तरांकडे गेलो. बाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "भाऊ, थोडीशीच नोकरी राह्यली यायची," एवढंच म्हणाल्या. मास्तर मात्र म्हणाले, "साबनाचं विचारन ना? मंग काय भेव? साबनाचा रंग कोनाले सांगता येते?"

"सांगता येतो, मास्तर. डोळे असलेल्याला येतो."

"तुले येते?"

मी कोपऱ्यातल्या चकत्या मोजू लागलो.

शुक्रवारी दुपारी शिकवणी झाली. चकत्या अंगणात ओळीने मांडल्या आणि मी ठामपणे पाठ करून घेतलं. हळद केशरी. पळस बदामी. जास्वंद राखाडी. कडुनिंब खाकी. साग मातकट. मास्तर बोटाने चाचपून, नाकाने हुंगून ओळखत आणि पोरासारखं म्हणून दाखवत. फक्त कडुनिंबाला दर वेळी "हिरवा" म्हणत.

"हिरवा नाही, खाकी!"

"कडूनिंब हिरवा असते गा. एवढं तं मलेबी माहीत आहे."

"झाडावर! साबणात खाकी!"

"तू पक्का पाहून सांगून राह्यला ना?" बाईंनी विचारलं. मी चकती उन्हात धरली, सावलीत धरली आणि "पक्का" म्हटलं. माझं मला ऐकू आलं, की तो पक्का फारसा पक्का नव्हता.

शनिवारी प्रदर्शन सकाळपासून मांडलं होतं. साबणाचं टेबल मांडायचं काम माझं. लोकांना चांगलं दिसावं म्हणून मी ते मोठ्या खिडकीखाली उन्हात ठेवलं. यापलीकडे मी काही बोलत नाही.

शाळा सुटली. मुख्याध्यापक टेबलाशी आले. बरोबर साक्षीला भूगोलाचे सर आणि शिपाई. बाई फेस दाखवायला बादलीभर पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मास्तर टोपी नीट करून उभे राहिले. मुख्याध्यापकांनी हळदीची चकती उचलली.

"हा कोणता रंग?"

मास्तरांनी चकती हातात घेतली, हुंगली. "केशरी."

मी चकतीकडे पाहिलं. दिवसभराच्या उन्हाने हळद उडाली होती.

"केशरी?" मुख्याध्यापक म्हणाले. "हा पिवळा आहे." त्यांनी पेन काढलं.

"पिवळा नाही म्हणता येणार, सर," भूगोलाचे सर चष्मा सावरत म्हणाले. नकाशे रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. "नकाशात आपण वाळवंटाला वापरतो तो. वाळूचा."

"पिवळा आहे!"

"साहेब, मले तं हा पांढरा दिसते," शिपाई म्हणाला.

मुख्याध्यापकांनी पेन टेबलावर ठेवलं आणि चकती कापायची सुरी उचलली. "आत बघू. आत खरा रंग असेल." चकतीचे दोन तुकडे झाले. आत गाभा केशरी, झेंडूसारखा.

"केशरी!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की बादलीतलं पाणी हललं असावं.

मुख्याध्यापकांनी दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेले. बाहेरून एक, आतून एक. मग ते बाजूला ठेवून कडुनिंबाची चकती पुढे केली. तिच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ती खाकी होती. शिपायाच्या गणवेशासारखी स्वच्छ खाकी. मी मनातल्या मनात तो शब्द मास्तरांकडे फेकत होतो.

"हिरवा," मास्तर म्हणाले.

दारातून बाईंचा "अयाई!" ऐकू आला.

"खाकी!" मुख्याध्यापक म्हणाले. "खाकी!" भूगोलाचे सर म्हणाले. "खाकी," शिपाई म्हणाला आणि खात्रीसाठी चकती स्वतःच्या बाहीला लावून पाहिली. पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं होतं. मुख्याध्यापकांनी आता नियम म्हणून सुरी चालवली. चकती दुभंगली. आत गाभा हिरवा. पावसाळ्यातल्या बांधासारखा हिरवा.

भूगोलाच्या सरांनी चष्मा काढून पुसला. मुख्याध्यापकांनी पुढच्या चकत्या घेतल्या. जास्वंदीच्या चकतीला ते राखी म्हणाले, भूगोलाचे सर जांभळट म्हणाले, शिपाई म्हणाला भात करपला की होतो तो. त्यांनी गणिताच्या सरांना बोलावलं, त्यांनी चौथाच रंग सांगितला आणि कारण नसताना आकडेमोड सुरू केली. पळसाच्या वेळी मुख्याध्यापक खिडकीशी गेले, मग दाराशी गेले, मग परत खिडकीशी आले. तीच चकती तिन्ही ठिकाणी वेगळी. एरवी "असं आहे" म्हणणाऱ्या त्या माणसाचे ओठ नुसते हलत होते. ते खुर्चीवर बसले. टेबलावर साबणाचे तुकडे पसरलेले, आणि ते एकेक उचलून परत ठेवत होते.

मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाचलो होतो. आता मास्तरांनी फक्त गप्प राहायचं होतं.

मास्तर पुढे झाले. खुर्चीजवळ जाऊन वाकले. त्यांनी मुख्याध्यापकांच्या खांद्यावर हात ठेवला, तसाच, जसा एकदा माझ्या खांद्यावर ठेवला होता.

"साहेब, घाबरू नोका," ते म्हणाले. आवाज मायेचा होता. "मले जन्मापासूनच असं आहे. लाल नाई, हिरवं नाई, काई नाई. सारी नोकरी अशीच काढली, कोनाले पत्ता लागू देल्ला नाई. तुमचंबी निघून जाईन. सवय होऊन जाते. पोट्टे सांभाळून घेतात."

बाईंनी बादली खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. "बापा, सोताच्याच तोंडानं," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती स्वतःची नव्हती. साहेब नवे आहेत, बायकापोरं अजून यायची आहेत, आणि त्यात हे असं, अशी काळजी होती.

"तुम्ही घरी जा, मास्तर," मुख्याध्यापक म्हणाले. "सगळे जा. सर, तुम्ही थांबा."

मी थांबलो. खिडकीतून दिसत होतं, मास्तर सायकल धरून चालले होते, बाई मागून बादली घेऊन, आणि बाईंचं तोंड चालू होतं. मास्तर मात्र काहीतरी चांगलं काम करून आल्यासारखे ताठ चालले होते.

मुख्याध्यापकांनी कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं. "त्यांनी आत्ता जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं, सर."

"मग शेरा लिहावा लागेल. नियम आहे." ते कागदावर वाकले. शेरे लाल शाईने लिहायची त्यांची पद्धत. निब कागदाला टेकलं, एक ठिपका उमटला, आणि तिथेच थांबलं. त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं. कागद जरा तिरका केला. मग पेन माझ्यापुढे धरून, दाराकडे एकदा पाहून, अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"सर, ही शाई लालच आहे ना?"

मी कागद हातात घेतला. खिडकीशी गेलो. ऊन कलतं झालं होतं, ठिपका अजून ओला होता. दोन वर्षांत मला ज्या एका विषयात तयारी झाली होती तो विषय हाच होता, आणि त्यात मी काय कमावलं होतं ते त्या क्षणी मला नीट कळलं.

"लाल," मी म्हणालो. "लालच वाटते."

"वाटते?"

"हो सर. वाटते."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. "शेऱ्यात 'वाटते' असं लिहिता येत नाही," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.